उताणीच ठेवा

१२ जाने. ७९
सकाळची ड्यूटी. कोडोलीच्या सुशीलाची सातव्या महिन्यात झालेली पोरगी काचेच्या उबदार पेटीत, तिसरा दिवस. उताणी असली की श्वास घेता घेता थांबते, ओठ निळे. तळपायाला टिचकी मारली की पुन्हा सुरू. आज चौथ्यांदा झालं तेव्हा सरळ पालथी घातली, मान एका बाजूला. पाच मिनिटांत ओठ गुलाबी. ऑक्सिजन वाढवलासुद्धा नाही.

राउंडला मोठे डॉक्टर. "सिस्टर, पालथी कुणी घातली? नाक दाबून गेली म्हणजे?" मी समोर स्टूल टाकून बसलेय, ते दिसत नाही? स्वतः उताणी केली नि केसपेपरवर लिहिलं, उताणीच ठेवा. ते जिना उतरायच्या आत पोरगी निळी. मग निरोप, ऑक्सिजन वाढवा. वाढवा म्हणे! जास्त झाला की डोळे जातात, हे यांनीच शिकवलंय आम्हाला.

१३ जाने.
भाकरी खायला दहा मिनिटं गेले. येते तर पेटीत मोहरीची उशी! डोकं गोल व्हावं म्हणून सुशीलाच्या सासूनं सरकवलेली. हनुवटी छातीला टेकलेली, पोरगी काळीनिळी. किंचाळलेच मी. उशी फेकली, पालथी केली, पाठ चोळली. रडली एकदाची.

सासूनं उशी उचलून पोटाशी धरली. "आमच्यात समद्या पोरास्नी हीच उशी की हो बाई. मला काय ठावं?" खरंच, तिला सांगितलंय कुणी? ओरडले त्याची लाज वाटली. राग वरच्यांचा, निघाला म्हातारीवर.

पालथीच ठेवलीय. कागदावर काय का असेना.

१४ जाने.
संक्रांत. गोड बोला म्हणे. कुणाशी?

पोरगी केव्हा केव्हा निळी पडली, ते सगळं कागदावर मांडून मोठ्या डॉक्टरांपुढं धरलं. उताणी असताना कितीतरी वेळा, पालथी असताना एकदाच. कागद हातातसुद्धा घेतला नाही. "तुम्ही नर्स आहात. संशोधन आम्ही करतो."

करा की मग! पेटीशी तासभर उभं राहून दाखवा! हे सगळं मनात. तोंडानं, यस सर. थू माझ्यावर.

१६ जाने.
मेट्रनबाईंनी ऑर्डर दिली. उद्यापासून मी ओ.पी.डी.त. "तुझं चुकलं असं मी म्हणत नाही गं, पण लेखी असताना..." नि सहीसाठी रजिस्टर पुढं सरकवलं.

माझ्या जागी येणारी पोर चांगली आहे, पण भित्री. केसपेपर वाचणार नि तसंच करणार.

सुशीलाला शेजारी बसवून ओठ कसे बघायचे ते शिकवलं. पटकन शिकली. मग म्हणाली, "निळी पडली तर मी पालथी करू?"

नातेवाइकांनी पेटी उघडायची नाही, असा बोर्ड कालपासून लागलाय.

म्हटलं, "हाक मार. लाजू नको, वॉर्ड गोळा कर."

"तुमास्नी ऐकू यील न्हवं?"

व्हय म्हणाले. ओ.पी.डी. रस्त्यापलीकडच्या इमारतीत आहे.