डिस्कवरचं तुमचं नाव निघणार न्हाई

परतूर, विहारामागची गल्ली
रविवार, दुपार

आदरणीय काकासाहेब दाजी यांना धाकटी मेहुणी बेबीनंदा हिचा मनापासून जय भीम.

पत्र लिहायचं कारण एकच, तुम्ही फोन उचलून न्हाई राह्यले. तब्येत बरी असंल. गुडघा काय म्हणतो? साखर तपासली का? तुमची भावना सांगत होती की पप्पा रागात आहेत म्हणून जेवण निम्म्यावर आलंय. मंग साखर आपोआप उतरली असंल, त्याचं श्रेय मला द्या. इकडं आम्ही मजेत. आमचे हे ओट्यावर बसून पेपर वाचून राह्यलेत आणि मी विहाराच्या खोलीत मान मोडून राह्यले. (बोलते तसंच लिहिते म्हणून नाक मुरडू नका. सारी नोकरी फळ्यावर शुद्ध लिहिण्यात गेली. आता रिटायर झाले, आता माझी मर्जी.)

आता मुद्द्यावर येते. तुम्ही भावनाजवळ निरोप दिला की, त्या डिस्कवरून माझं नाव काढा, न्हाईतर टेम्पो लावतो, सगळे कॉम्प्युटर उचलतो आणि भंगारात घालतो. त्याचं उत्तर ऐका. नाव निघणार न्हाई. कॉम्प्युटर पण जाणार न्हाईत. तुम्ही जावई असाल, परतूर तुमची सासुरवाडी असंल, पण सासुरवाडीत जावयाचं तेवढंच चालतं जेवढं मेहुणी चालू देते. रुसायची तुमची सवय आम्हाला काही नवी न्हाई. लग्न बौद्ध पद्धतीचं, देणंघेणं न्हाई, मानपान न्हाई, असं दोन्हीकडून ठरलेलं, आणि नवरदेव ऐन पंगतीत रुसून बसला! अख्खी पंगत ताटावर हात धरून बसली, वरण गार झालं, आमच्या बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी माझी ताई उठली, तुमच्या कानात काहीतरी बोलली आणि तुम्ही हसून घास घेतला. आता कानात बोलायला ताई न्हाई, आणि मी कानात बोलणाऱ्यांतली न्हाई. मी लिहून देते.

तुम्हाला जे कळलं ते भावनानं ग्रुपवर टाकलेल्या एका फोटोवरून कळलं, म्हणजे काहीच कळलं न्हाई. तर पहिल्यापासून सांगते. ताई गेली, तुम्ही बदनापूरच्या तिच्या टायपिंगच्या क्लासला कुलूप घातलं, आणि एक दिवस म्हणाले की हे सहा कॉम्प्युटर घेऊन जा, डोळ्यासमोर नकोत. मी आणले. विहारात पोरी परीक्षांचा अभ्यास करायला बसतात, त्यांना टायपिंग शिकायचं तर हजार रुपये भरून बाजारात जावं लागतं. कमिटीचे अध्यक्ष साहेबराव (यांना तुम्ही ओळखता, ज्यांना भाषण द्या म्हणायची गरज पडत न्हाई ते) म्हणाले, मागची खोली देतो, पण चौदा एप्रिलच्या आत सहाही कॉम्प्युटर चालू दिसले पाहिजेत. एक जरी बंद राह्यला तरी खोलीत पहिल्यासारख्या कढया आणि सतरंज्या जातील. मी म्हणले, मंजूर. तोंडातून निघून गेलं, मंग काय करता.

तर दाजी, तुमच्या त्या सहा मशिनींत एकाचा दुसऱ्याला मेळ न्हाई. ताई जसे पैसे जमले तशी एकेक घेत गेली, म्हणून एक म्हातारी, एक अर्धवट, एक जरा बरी. त्यातली एक खिडकीजवळची, ताई स्वतः वापरायची ती, तिचं मागून सांगते. बाकीच्या चालू केल्या की काळा पडदा दाखवायच्या आणि गप. मी गयासोद्दीनभाईंच्या जीशानला बोलावलं. (बाजारात त्याचं रिपेअरिंगचं दुकान आहे. चौथीत माझ्या वर्गात होता, अजून मला पाहिलं की उभा राहतो, दोन लेकरांचा बाप झाला तरी.) त्यानं सगळ्या उघडून पाहिल्या आणि म्हणला, "मॅडम, हर मशीन का नखरा अलग है." कोणाला आतमध्ये जुनी सिस्टम (जिच्यावर मशीन चालते ती) लागते, कोणाला हलकी, कोणी नवीन टाकली तर दम टाकते. आणि निम्म्यांना पेनड्राइव्हवरून चालू होणं ठाऊकच न्हाई, त्यांना डिस्कच पाहिजे. त्यानं बिचाऱ्यानं हरेकीची वेगळी डिस्क बनवून विहाराच्या कपाटात ठेवली आणि उद्या टाकू म्हणून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी कपाट रिकामं. विचारून विचारून थकले. मंग तिसऱ्या प्रहरी साहेबरावांच्या शेताकडून येताना मला ज्वारीत काहीतरी चमकताना दिसलं. अहो, डिस्का! प्रत्येकीच्या भोकात सुतळी घालून दोरीला टांगलेल्या, वाऱ्यावर गरागरा फिरून राह्यलेल्या, आणि पाखरं बांधाबांधानं पळून राह्यलेली. साहेबरावांना वाटलं कोणीतरी लग्नाच्या जुन्या कॅसेटी टाकून दिल्यात, कमिटीचा माल वाया जाऊ नये म्हणून त्यांनी सदुपयोग केला. वर मलाच म्हणतात, बाई, पाखरं बिलकुल येत न्हाईत, अजून असतील तर द्या. माझा राग तुम्हाला माहीत आहे. मी तिथं बांधावर उभी राहून सांगितलं की आता मी एकच डिस्क बनवीन, सगळ्या मशिनींच्या सगळ्या सिस्टम तिच्यातच, आणि ती माझ्या पर्समधून बाहेर निघणार न्हाई, मंग तुमच्या पाखरांनी तुमची ज्वारी खावो का तुम्हाला खावो.

जीशान म्हणला, होतं मॅडम, पण किचकट आहे. डिस्क लावली की पडद्यावर यादी आली पाहिजे, आणि यादीतलं ज्याच्यावर बोट ठेवलं तेच चालू झालं पाहिजे. मी म्हणले, एका डब्यात चार भाज्या मी जन्मभर भरल्या, वरण भाकरीत सांडू दिलं न्हाई, हे काय मोठं! मोठंच निघालं, दाजी. पहिल्या डिस्कमध्ये माल मावेना. दुसरीत मावला, यादी झकास आली, पण कशावरही बोट ठेवलं तरी पुन्हा यादीच. (कमिटीच्या मीटिंगसारखं.) तिसरी लिहून होत आल्ती आणि लाइट गेली. त्या बाद डिस्कांवर आता आमचे हे चहाचा कप ठेवतात आणि दर वेळी विचारतात, कॉम्प्युटर चालू झाला का? मंग कोऱ्या डिस्काच संपल्या. आजकाल कोण ठेवतं? परतुरात न्हाई, जालन्यात न्हाई. शेवटी कोणीतरी म्हणलं घनसावंगीत एक लग्नाचे व्हिडिओ काढणारा आहे, त्याच्याकडं जुना साठा असंल. भर उन्हात काळीपिवळी जीपमध्ये, एका बाजूला कोंबड्यांची पाटी आणि दुसऱ्या बाजूला कोणाचं तरी झोपलेलं लेकरू अंगावर, अशी मी गेल्ते. त्याच्याकडं एकच निघाली. त्यानं फुकट दिली, वर विचारलं, बाई, लग्न कोणाचं? मी म्हणले, सहा जणींचं आहे, आणि नवरे वेगवेगळे.

त्या शेवटच्या डिस्कवर नावं टाकायची वेळ आली आणि इथंच तुमचं दुखलं. त्या सिस्टमींची खरी नावं लांबलचक, पुढं आकडे. मी जीशानला म्हणले, ही नावं पोरींच्या ध्यानात राह्यची न्हाईत. आपल्याकडं बैलाला नाव असतं, मोटारीला असतं, मंग हिला का नको? ज्याच्या स्वभावाशी जे जुळतं त्याचं नाव दे. यादी इंग्रजी अक्षरांत टाकली, मराठी टाकलं तर नुसते चौकोन येतात. हलकी सिस्टम, कशातही बसते, थोडक्यात भागवते, पण चालू होताना पडद्यावर ओळीच्या ओळी बडबडते, तिला माझं नाव दिलं. तपासणीचं एक आहे, ते स्वतः काहीच काम करत न्हाई, फक्त दुसऱ्याच्या मेमरीतले दोष काढत बसतं आणि थांबव म्हणल्याशिवाय थांबत न्हाई, त्याला साहेबरावांचं. आणि ती मोठी, भारदस्त, सगळ्यांना ठाऊक असलेली, जिला बसायला जागा लागते, बसण्याआधी शंभर अटी कबूल करून घेते, मधेच एकदोनदा उठून जाते आणि परत येते, पण एकदा बसली की हलत न्हाई, तिला कोणाचं देणार? सांगा ना. ते तुमचंच झालं.

कमिटीला यादी दाखवली तेव्हा साहेबराव चिडले. कामावरून न्हाई बरं का! म्हणाले, अध्यक्षाचं नाव सगळ्यांत खाली कसं? लग्नपत्रिकेत असं झालं असतं तर मी मांडवात पाय ठेवला नसता. दोष काढायचं काम आहे म्हणल्यावर मात्र खूश झाले, म्हणाले, बराबर आहे, ती जबाबदारी अध्यक्षाचीच. म्हणजे ज्याला राग यायला पाहिजे होता तो हसला, आणि तुम्ही यादीच्या फोटोत तुमच्या नावाखालची ती बारकी ओळ वाचून रुसले, की हे लावलं तर आतलं सगळं पुसलं जाईल.

भावना म्हणली, पप्पांना वाटलं मावशीनं मुद्दाम लिहिलं, आई गेल्यावर पप्पांनी तिची साडी न् साडी वाटून टाकली, घर पुसून काढलं, त्यावर टोमणा मारला. दाजी, मला टोमणा मारायचा असता तर मी बदनापूरला येऊन तोंडावर मारला असता, त्यासाठी डिस्क कशाला वाया घालू? ती ओळ कंपनीची आहे, माझी न्हाई. आणि राह्यलं साड्यांचं. लोक काय बोलायचं ते बोलले, मी एका शब्दानं बोलले का? मला दिसत होतं की तुम्हाला बघवत नव्हतं. मला पण बघवत न्हाई, फरक एवढाच की तुम्हाला बघवत न्हाई ते तुम्ही देऊन टाकता आणि मी उराशी धरून बसते. दोघंही रडतोच ना?

तरी नाव निघणार न्हाई ते न्हाईच. एक तर ही डिस्क एकदा लिहिली की लिहिली, तिच्यावरून काही खोडता येत न्हाई. दुसरं म्हणजे कोरी आता पंचक्रोशीत न्हाई. तिसरं म्हणजे असती तरी मी काढलं नसतं. चालू झालेल्या पाचांपैकी तिघींत तुम्हीच बसलेत, पोरी रोज म्हणून राह्यल्यात की आज काकासाहेब लवकर उठले, आज काकासाहेब अडून बसले. तुमचं एवढं नाव बदनापुरात तरी कोणी घेतं का? टेम्पो आणायचा तर आणा. दारात मी खुर्ची टाकून बसलेली दिसंन.

ताईच्या जागी तुम्हाला नमस्कार. भावनाला गोड पापा.

तुमची न ऐकणारी मेहुणी,
बेबीनंदा

ता. क. फोटो नीट पाह्यला न्हाई तुम्ही. यादीत सगळ्यांत वर, तुमच्याही वर, ताई आहे. कोणी कशावर बोट ठेवलं न्हाई तर थोडा वेळ थांबून डिस्क आपोआप तिच्यावर जाते. ती काहीच पुसत न्हाई. आत जे आहे ते जसंच्या तसं चालू करते.

आणखी एक. पाच चालू झाले असं वर लिहिलं. साहेबरावांना सहा पाहिजेत आणि चौदा एप्रिल जवळ आला. सहावी म्हणजे ती खिडकीजवळची. ती बिघडलेली नव्हतीच, दाजी. चालू केली की ताईचं नाव येतं आणि पासवर्ड विचारते. जीशान म्हणला, तुमच्या नावाचं लावून सगळं पुसू, न्हाईतर या डिस्कनंच मागच्या दारानं आत शिरू. मी दोन्हीला न्हाई म्हणले. ताईच्या कपाटाचं कुलूप मी तोडणार न्हाई आणि कोणाला तोडू देणार न्हाई.

आता खरं काम. पासवर्ड चुकला की खाली एक ओळ येते, विसरलेल्याला आठवण द्यायला ताईनं स्वतः टाकलेली. "हे पंगतीत कशासाठी रुसले होते?" मी घड्याळ टाकून पाह्यलं. आमचे हे म्हणाले सायकल. भावना म्हणली रेडिओ. साहेबराव तर शपथेवर सांगतात की कोट. एकही लागलं न्हाई. ते ठाऊक असलेली दोनच माणसं होती, त्यातलं एक राह्यलं.

तेव्हा पॅसेंजरनं या, स्टेशनवर घ्यायला येते. रुसलेले असाल तर रुसूनच या. काय होतं ते मला सांगू नका, मला ऐकायचं पण न्हाई. तुम्ही टाइप कराल तेव्हा मी खिडकीकडं तोंड करून उभी राहीन.