उडाली ती एकाच आवाजाला

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज घडलं ते:

१. जलाशयावर रुजू झाले. काम: पाण्याची पातळी आणि बांधाची गळती मोजणं.
२. खोली बांधाच्या टोकाला. खिडकीतून एका नजरेत पाणी, काठ, पलीकडचं शेत.
३. गेट चालवणाऱ्या काकांनी चहा पाजला. आधीचा साहेब कंटाळून पळाला, म्हणाले. मी दुर्बीण दाखवली. त्यांनी कपाळाला हात लावला.
४. थापट्या बदकं आली आहेत. चांदवे, टिटव्या, एक राखी बगळाही.
५. शेतात पाखरं हुसकायला गॅसची तोफ आहे. ठरावीक वेळाने आपोआप वाजते. मी दचकले. बदकं नाही.
६. खूश आहे. ताईला कळवलं नाही. तिला वाटेल, नाटक करतेय.

५ ऑक्टोबर, रविवार

पहिली सुट्टी, अख्खा दिवस पक्ष्यांचा. सकाळी बांधावरून बदकं पाहिली. नरांची रंगीत पिसं अजून पुरती आलेली नाहीत, त्यामुळे ओळखायला ती फावड्यासारखी चोचच कामाला येते. मग शेतात उतरले. नांगरलेल्या ढेकळांत टिटव्या होत्या, आणि एक भोवत्या, शिकारी पक्षी, उंदीर हुडकत जमिनीलगत तरंगत होता.

शेत दोन भावांचं. धाकट्याची बायको भेटली. मी तिला वहिनी म्हणते, ती मला दुर्बीणबाई. एवढं टक लावून काय बघतेस, पाण्यात नवरा सापडतो का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, सापडलाच तर मोजून परत सोडेन. ती पोट धरून हसली. मग हसू ओसरल्यावर म्हणाली, भावाभावांत वाटणीवरून पेटलंय, थोरल्याने रानडुकरांसाठीची बंदूक काल खाली काढून पुसली.

दुपारी एक गोष्ट नोंदवण्यासारखी. तोफेला मानही न वळवणारी सगळी पाखरं एका आवाजाला एकदम उठली. पाणी रिकामं झालं. कारण कळलं नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

धाकटा रविवारपासून घरी नाही. थोरला सांगतो, भांडून शहरात गेला. वहिनीला पटत नाही. त्याच्या चपला दारातच आहेत.

संध्याकाळी थोरला तोफेपाशी भेटला. पेरलेले दाणे पाखरं टिपतात म्हणून वैतागला होता. मी समजावलं: दादा, एकाच जागी एकच आवाज, त्यांना सवय झालीय. रविवारी दुपारी मात्र एका आवाजाला सगळी उठली. तो कसा काढलात ते आठवा आणि तसाच काढत जा. समजावताना मला बरंही वाटत होतं. मग मी तेव्हा कुठे बसले होते, ते त्याने विचारलं.

मी बोट दाखवलं.

८ ऑक्टोबर

जेवताना घास हातातच राहिला. तोफेला पाखरं उठत नाहीत. म्हणजे तो आवाज तोफेचा नव्हता.

चौकीवर गेले. हवालदार सभ्यपणे हसले. बदकांना साक्षीला बोलावू का, म्हणाले. माणूस रुसून गेलाय, राग उतरला की येईल. वहिनीला सगळं सांगितलं. ती रडली नाही. आत गेली, कुऱ्हाड जागेवर आहे का ते बघून आली.

९ ऑक्टोबर

काठभर मेलेली पाखरं. विष लावलेले दाणे, चोचींतून फेस. जी जिवंत होती त्यांना थोरला पायाखाली धरून माना पिळत होता. घाई न करता, ओलं फडकं पिळावं तसा. मला पाहून एक चांदवा खोलीच्या पायरीवर फेकला. मान उलटी फिरलेली, पाय अजून हलत होते. म्हणाला, घ्या, विचारा याला.

पाण्यावर आता काही नाही. तोफ वाजते. कुठला आवाज कसला, ते सांगणारं कुणी उरलं नाही.

१० ऑक्टोबर

कालव्याच्या तोंडाशी जाळीआड पाणी चढलं होतं. शेवाळ अडकलं असेल म्हणून आकडी घेऊन गेले. ओढलं. बाही आली. मग हात. मग — छातीत भोक, मूठ जाईल एवढं. आत मासे.

धाकटा. पाय अनवाणी.

काका ओकले. स्कूटरने चौकीकडे गेलेत. तोफ चालूच.

वहिनीला फोन करून सांगितलं. नको होतं सांगायला. आहेस तिथेच थांब म्हटलं, तोवर फोन बंद. निघाली असणार.

कार्यालयाला पाठवलं: जाळीत मृतदेह. कालव्याचे गेट बंद केले आहे. पुढे काय करावे ते सोमवारपर्यंत कळवावे.

सोमवार. हात सवयीने लिहून गेला.

दाराला कडी घातली. खिडकीतून —

राखी बगळा परत आलाय. एकटाच, काठावर. वहिनी बांधावर. एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्यात धाकट्याच्या चपला. थोरला दिसत नाही. ओरडले — वारा उलटा.

तोफ. बगळा जागचा हलला नाही.

ती अर्ध्यावर आली —

तोफ. हलला नाही.

पुन्हा —

बगळा उडाला. वहिनी —