डब्यातला मोगरा

२० मार्च १९५७
आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, नाहीच आल्या! हे गावी गेले होते आईला कायमची आणायला, आणि परत आले ते हातात मोगऱ्याचं रोप घेऊन. सोबत त्यांचा निरोप — "ह्ये तुझ्या बायकोला दे. जगलं तर मीबी येते ऱ्हायला."
पिंपरीच्या या क्वार्टरला अंगण कुठलं? वरचा मजला, बोटभर गॅलरी. रॉकेलचा डबा कापून त्यात लावलं.

२४ मार्च
डबा गंजू नये म्हणून ह्यांनी बांधकामावरचं उरलंसुरलं डांबर आणून फासलं. काळाकुळकुळीत! अख्खा रविवार त्यात गेला. डबा मात्र ऐटदार दिसतो.

३ एप्रिल
रोप रोज दुपारी मान टाकतं. मी पाणी वाढवते, ते आणखी मलूल.
शेजारच्या विमलबाई म्हणाल्या, "नजर लागली हो!" मग मीठ-मिरच्या ओवाळून जाळल्या. गॅलरीभर ठसका. हे खोकत म्हणाले, "रोपाचं राहू दे, आपण जगतोय का बघ!"

४ एप्रिल
खरं लिहू? आज मनात आलं — मेलं तर मेलं. आत्याबाई आल्या की चूल त्यांची. दुपारी पाय पसरून मोठ्यानं गाणी म्हणणं बंद!
संध्याकाळी हे शिफ्टवरून आले. चपला न काढताच गॅलरीत. रोपापाशी उकिडवे बसून एकेक मलूल पान बोटानं उचलून बघत राहिले. माझीच मला लाज वाटली.

५ एप्रिल
सापडलं! भर दुपारी डबा सरकवायला गेले — चटका! तव्याला हात लावावा तसा. मातीत बोट खुपसलं, तर ती नुकत्या उतरवलेल्या भातासारखी. मुळं शिजत होती बिचारी! त्यात काळं डांबर ऊन आणखी ओढून घेणार. इतके दिवस पाणी, मीठ, मिरच्या — फक्त फोडणी राहिली होती.
ह्यांना सांगितलं तर आधी फुगले. "माझा रविवार!" मग मुकाट्यानं एक मोठं लाकडी खोकं पैदा करून आणलं. डब्याला चुना फासला, खोक्यात ठेवला, भोवती ओला भुसा ठासला, बाहेरून ओलं गोणपाट, खाली विटा. आमच्या माठाचेसुद्धा एवढे लाड नाहीत!

२ मे
कळ्या!! ह्यांनी लगेच गावी पत्र टाकलं.

९ मे
आत्याबाई आल्या. बोचकं काखेतच, तशाच गॅलरीत गेल्या. भुसा चाचपला. मातीत बोट घालून बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पत्र्याच्या डब्यात मोगरा उन्हाळा काढत न्हाई. मला ठावं व्हतं. म्हनलं, सुनेला मी नको आसंल तर मरू दील. तोंडानं नको म्हनायची पाळी तरी येनार न्हाई तिच्यावर."
मी आत जाऊन चहा ठेवला. साखर त्यांनीच येऊन घातली. मी घालू दिली.