साईसाठी केलेलं सातूचं पीठ

३ एप्रिल
नातवासाठी, साईसाठी, सातूचं पीठ केलं. गहू, डाळं खमंग भाजलं आन् गार व्हायला गच्चीत धोतरावर पसरलं. कोंबड्या त्यावरनं फिरून गेल्या. हाकलल्या, वरवर पाखडलं, गिरणीतनं दळून आणलं. पोरगं अजून दुपट्यात हाय, पण तयारी असावी. डबा भरून फळीवर ठेवला. वर्षभर घोर न्हाई. कोरड्यात काय जगतंय?

१ ऑगस्ट
सुनेची, अनिताची, बाळंतपणाची रजा संपली. रांजणगावला कंपनीत गेली. पाळणाघर बघू म्हणत होती. मी म्हटलं, मी मेले का? साई माझ्याकडंच.

२४ ऑगस्ट
उष्टावण झालं, आता सातू सुरू. कोमट दुधात कालवलं, वर गूळ. अनिता बजावून गेलीय, आत्या, काहीबी द्या पण शिजवून द्या. भाजलेलं परत काय शिजवायचं? वाटी चाटली लेकरानं.

२६ ऑगस्ट
जुलाब. ताप. दात येत असतील. दृष्ट काढली.

२७ ऑगस्ट, शिरूर, दवाखाना
पोरगं चिंधीगत पडलंय. रडायला डोळ्यांत पाणी न्हाई. डॉक्टरणीनं विचारलं, वरचं काय दिलं? मी म्हटलं, दूध. अनितानं पिठाचं सांगितलं. डॉक्टरीण म्हणाली, "आजी, जंतू कोरड्या पिठात मरतातच असं नाही. महिनोन्महिने निपचित पडून राहतात. दूध लागलं की वाढतात."
कालची पोर. मी पाच लेकरांना हेच खाऊ घातलं. तिघं धडधाकट हायत. दोघं गेली ती जुलाबानं, पिठानं न्हाई.

२ सप्टेंबर
साई वाचला. अनितानं त्याला माहेरी, केडगावला, ठेवलं. जाताना पाया पडली. चार शब्द बोलली असती तर माझं उत्तर तयार होतं. जयसिंग, माझाच लेक, म्हणतो पीठ उकिरड्यावर टाक. टाकणार न्हाई.

५ सप्टेंबर
ठरलं. आजपासनं तेच पीठ मी खाणार. मला काही झालं न्हाई की सगळ्यांची तोंडं बंद. मग साईला कोण अडवतंय?

८ सप्टेंबर
परसाकडं जाऊन जाऊन पायांत जीव न्हाई. अंगात कणकण. शेजारच्या सुषमानं दिलेली वांगी बाधली. तिच्या घरी सगळी ठणठणीत. त्यांना सवय असंल.

१५ सप्टेंबर
सकाळी पीठ परसात खड्डा करून पुरलं. पावसानं दमट झालं होतं, म्हणून.
दुपारी अनिताचा फोन. तिच्या आईला आता लेकरू आवरत न्हाई. म्हणाली, "आत्या, रविवारी साईला आणू का? झालं गेलं जाऊ द्या."
मी म्हटलं, "नको आणू. माझे गुडघे धरलेत, मला उचलवायचा न्हाई."
गुडघ्यांना काही झालेलं न्हाई.
ती बरं म्हणाली. अजून एकदा विचारील म्हणून फोन कानाशी धरून बसले. तिनं ठेवला होता.