गच्चीवरचा शनी

६ एप्रिल, शनिवार
दुर्बीण आली. आता जनतेला विश्व दाखवायचं, हे नक्की. दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता, गच्चीवर, सर्वांना मुक्त प्रवेश. लिफ्टमध्ये नोटीस लावली. सोसायटीच्या चेअरमनना म्हटलं, रांगेसाठी दोरी लागेल. ते म्हणाले, आधी माणसं तर येऊ देत. माणसाला दूरदृष्टी म्हणून नाही. दोरी मीच आणली.
लेकीला फोन केला. मीटिंगमध्ये होती.

८ एप्रिल, सोमवार
सराव. दक्षिणेकडे सगळ्यात ठळक दिसतो त्यावर दुर्बीण रोखली, आणि बघतो तर काय, चक्क कडं! मध्ये काळं, भोवती उजेड. शनीच. पहिल्याच फटक्यात. बाजूचं चाक फिरवलं की कडं बारीक होत जातं आणि शेवटी नुसता ठिपका उरतो. ठिपका बघायला कोण येणार? म्हणून कडं मोठ्यात मोठं करून चाक चिकटपट्टीने पक्कं केलं. मॅन्युअल उघडावंसुद्धा लागलं नाही.
हिला दाखवायला हवं होतं. ही गेल्यापासून घर शांत असतं. अभ्यासाला बरं.

१३ एप्रिल, शनिवार
पहिला कार्यक्रम. उपस्थिती: समोरच्या वहिनी. आल्या होत्या वाळलेले कपडे काढायला, पण विज्ञानाची गोडी कशीही लागू शकते. कडं बघून अगंबाई म्हणाल्या. मग मी शनीची सविस्तर माहिती दिली. कपड्यांचा ढीग हातात धरून शेवटपर्यंत उभ्या होत्या. इतक्या रंगल्या.

१६ एप्रिल
खळबळजनक! आज दुसऱ्या एका ताऱ्यालाही कडं दिसलं. मग तिसऱ्याला. जो बघावा त्याला कडं! पुस्तकात याचा कुठेही उल्लेख नाही. इतकी वर्षं हे शास्त्रज्ञ करत काय होते? एका संशोधन संस्थेला ईमेल टाकला. घाई नाही, पण फोन उशाशी ठेवलाय.

१८ एप्रिल
फोन वाजला. संस्था नव्हे, लेक! आपणहून. येत्या २७ तारखेला राहायला येते म्हणाली. मी म्हटलं, ये, तुला शनी दाखवतो. लगेच तिची खोली झाडली. नवी चादर घातली. सुरकुती दिसली म्हणून काढून पुन्हा घातली.

२० एप्रिल, शनिवार
हाउसफुल्ल. वहिनींनी घरोघरी सांगितलं होतं. चेअरमनसुद्धा रांगेत. दुसऱ्या मजल्यावरच्या, शाळेत सायन्स शिकवणाऱ्या मॅडमही आल्या. त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि हळूच विचारलं, काका, ही चिकटपट्टी कशाला? त्यांनीच काढली. चाक फिरवलं. कडं गेलं.
म्हणाल्या, हा व्याधाचा तारा. शनी सध्या पहाटे उगवतो. फोकस नसला की कुठलाही तारा असाच पसरतो, आणि मधलं काळं म्हणजे दुर्बिणीतल्याच छोट्या आरशाची सावली. म्हणजे पंधरवडाभर मी माझीच दुर्बीण बघत होतो.
मॅडम फार जपून बोलल्या. चेअरमन मात्र हसले, मग सगळेच हसले. नंतर मॅडमनी चंद्र दाखवला. लोक खूश. सगळे त्यांच्याभोवती. मी दोरी गुंडाळत बसलो.

२१ एप्रिल, रविवार
चुका मोठ्या माणसांकडूनच होतात. संस्थेने उत्तर दिलं नाही, हे त्यांच्या दृष्टीने योग्यच.
प्रश्न लेकीचा. शनी दाखवतो म्हणून बोलावलं आणि शनीचाच पत्ता नाही. तिच्यासमोर तोंडघशी पडण्यापेक्षा फोन करून सांगितलं, शनिवारी ढग असणार, उगाच हेलपाटा नको. ती म्हणाली, ती शनीसाठी येतच नव्हती. मी म्हटलं, तरी पण. मग बरं म्हणाली.
प्रसंग छान निभावला.

२७ एप्रिल, शनिवार
आकाश अगदी स्वच्छ. मॅडम वर बोलवायला आल्या होत्या. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. गच्चीवरून हसण्याचे आवाज येत होते. वाईट वाटलं. लेकीच्या खोलीत जाऊन बसलो. चादर चुरगळू नये म्हणून खुर्चीवर.
तिचा फोन आला. खरंच ढग आहेत का, विचारत होती. भरपूर, म्हटलं. मग पुढच्या शनिवारी येऊ का, म्हणाली. मी म्हटलं, माझा प्रोग्रॅम बघून सांगतो.
प्रोग्रॅम बघितला. रिकामा आहे. पण लगेच कळवणं बरं दिसत नाही. सोमवारी सांगावं.

२९ एप्रिल, सोमवार
सकाळीच फोन केला. म्हटलं ये, शनी नाही, काही नाही, नुसती ये. ती म्हणाली, बाबा, तुम्ही काहीच बोलला नाहीत म्हणून कालच मैत्रिणींबरोबर जायचं ठरवलं, तिकिटंही काढली. आता जूनमध्ये बघू.
मी हरकत नाही म्हटलं. तिने फोन ठेवल्यावरही बराच वेळ हरकत नाही, हरकत नाही म्हणत होतो.