टाके काढायला जाताना

वेदिका,

शेजारच्या दीपकबरोबर दवाखान्यात जातेय, टाके काढायला. तू मळ्यातून येईपर्यंत थांबणार होते, पण डॉक्टरांनी त्याच्याच फोनवर निरोप दिला, लवकर या म्हणून.

काळजी करू नको. आता जिना चढले तरी कळ येत नाही. पित्ताची पिशवी काढली की बाई कामातून जाते, असं कलाबाई सांगत होती ना? तिला उद्या मी माझ्या हातचा चहा पाजणार आहे.

ऑपरेशननंतर मला खोकला आला, तेव्हा तू माझ्या पोटाशी उशी दाबून म्हणालीस, "आई, मी धरलंय, खोका बिनधास्त." घरात आपल्या सासू-सुनेच्या चुली वेगळ्या, धड बोलणं नाही, तरी तू दवाखान्यातून हलली नाहीस. तू समोर असलीस की मला बोलायला सुधरत नाही, म्हणून लिहितेय.

आज तुझा गॅस पेटवू नको. माझ्याकडे दोघींपुरती मेथीची भाजी केलीय, बिनतेलाची. भाकरीही थापल्यात, रागावू नको, बसूनच थापल्या. दमून येशील, माझ्याकडेच चहा करून घे, पण जेवायला थांब. मी आल्यावर बरोबर बसू.

आई