लपव अन् खेळ

३ डिसेंबर, मंगळवार

कबड्डीच नाई! फोनवरचा एवढा मोठा जिंदगीचा गेम बनवला त्यांनी, त्यात जन्म आहे, शाळा आहे, लगन आहे, मरण आहे — अन् कबड्डी नाई. मग व्हॉलीबॉल घेतलं.

गेम सोपा आहे. बटण दाबलं का आपण एका वर्षानं मोठं होतो. मधातल्या मधात टीममधी नाव टाकाचं, ‘सराव’ दाबाचं, तब्येतीची हिरवी पट्टी खाली येऊ द्याची नाई. आज सतराव्या वर्षी कॅप्टन झालो. खऱ्या सतराव्या वर्षी मी ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात पडून होतो, दुसऱ्याचं रक्त चढून राह्यलं होतं. सिकलसेल. जन्मापासून आहे. थंडी लागली, पाणी कमी पडलं, जरासा धावलो — का हाडं आतून ठणकतेत, दोन-दोन दिवस. म्हणून खेळाचं त फोनवर. बाकी सारं शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून पाहाचं.

५ डिसेंबर

थंडी. पाय धरले. कॉलेजले नाई गेलो. गेममधी दोन फायनल जिंकलो.

८ डिसेंबर, रविवार

दिव्यानीच्या कबड्डीच्या टीमचे गुण लिहाले गेलो होतो. माही लहान बहीण, बारावीले आहे. शाळेच्या मैदानात धान खरेदीची पोती रचली आहेत, म्हणून पोट्ट्या आमच्याच कापलेल्या धानाच्या बांधीत खेळतेत. खेळाच्या प्रवीण सरनं चुन्याच्या रेषा मारल्या. धानाची बुडं खुरप्यानं काढली, तरी जमीन टणकच. मी वही घेऊन धुऱ्यावर. सर सर्व्या पोट्ट्यांले सांगते, “निकेशभाऊ आपला आठवा खेळाडू.” आठवा! मैदानात सातच राह्यतेत सर.

पण दिव्यानी! चढाईले गेली त तिघींनी कंबर धरली, ही तशीच घसरत गेली अन् बोटानं रेष शिवली. तिघी आउट! मीच ओरडलो धुऱ्यावरून.

बावीस तारखेले चंद्रपूरले जिल्ह्याची निवड आहे. निवड झाली त राज्याले खेळन. राज्य खेळली त पोलीस भरतीत खेळाडूचा कागद कामी येते. बाबा धान झोडता झोडता तेच बोलते — “माही पोट्टी वर्दीत दिसन.” माह्याबद्दल ते असं काईच बोलत नाईत. का बोलतीन म्हणा!

११ डिसेंबर

नवीन जिंदगी सुरू केली. नाव टाकलं दिव्यानी. पोरगी, व्हॉलीबॉल, लय भारी खेळते.

सोळाव्या वर्षी पाटी आली — तुझा पाय दुखतो आहे. एक, कोचला सांग. दोन, लपव अन् खेळ.

दोन्ही करून पाह्यलं. सांगतलं त कोचनं बाकावर बसवलं, दुसऱ्या वर्षी नावच कापलं, आनंदाची पट्टी लाल झाली. लपवलं त चॅम्पियन. पाचदा लपवलं, चारदा चॅम्पियन. एकदा पाय कायमचा गेला.

१४ डिसेंबर, शनिवार

तणशीच्या ढिगामागं दिव्यानी नडगीले तेल चोळत बसली होती. मले पाहून सलवार खाली ओढली.

“का झालं?”

“काई नाई.”

“दाखव बे.”

अंगठ्यानं दाबलं त डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. म्हणते, दिवाळीपासून दुखते, दोन्ही पाय. “मायले सांगू नको. सरले त बिलकुल नाई. तुले माही शप्पथ दादा.”

मले सिकलच आठवलं. तिची टेस्ट झालीच नाई कधी. शाळेत सर्व्यांचं रक्त तपासलं, त्या दिवशी मायनं तिले घरी ठेवलं होतं. “पोराचं नाव त्या यादीत गेलं, तेवढं पुरे. पोट्टीचं गेलं त सोयरिक कोण जोडन?” मी तवा इथीच होतो, घरापुढच्या सपरीत. चूप राह्यलो होतो.

जाता जाता हळूच विचारलं तिनं, “तुह्यासारखंच असन का रे?”

“हट, पागल,” म्हटलं मी.

१६ डिसेंबर

मायले म्हटलं, दिव्यानीची सिकलची टेस्ट करून टाकू. पाय दुखते म्हणून नाई सांगतलं, शप्पथ होती. चुलीसमोरून उठली नाई माय. “निवड होऊ दे, मंग पाहू. तू तुह्या गोळ्या घे.”

सांगू? नको सांगू? खरंच सिकल असन अन् ही चंद्रपूरले दिवसभर उन्हात चढाया करत राह्यली त? मले माहीत आहे ना ते दुखणं. दुश्मनाले नको. पण चंद्रपूर हुकलं त वर्दी गेली. अन् तेवढंच त आहे तिच्याजवळ.

१८ डिसेंबर, बुधवार

सांगतलं.

सरच्या घरी पायी गेलो. सर जेवत होते, ताटावरून उठले. म्हटलं, दिव्यानीचे पाय दुखतेत, दिवाळीपासून, अन् तिची टेस्ट नाई झाली. सरनं हात धुतले. मग म्हणते, “बरं केलं सांगतलं. भाऊ असावा त असा.”

म्हटलं, माहं नाव घेऊ नका.

बरंच केलं. तिच्याच भल्यासाठी केलं. बरंच केलं मी.

१९ डिसेंबर

सर घरी आले. रिपोर्ट आणल्याबिगर चंद्रपूर नाई, म्हणाले. तिच्या जागी तहसीन जाईन. बाबा सरच्या हातापाया पडले. मले पाहवलं नाई, आत गेलो.

दिव्यानी जेवली नाई. उशी फाडली. “तहसीननंच सांगतलं! तिच्याचसमोर लंगडली होती मी. माही जागा पाहिजे होती तिले!”

तहसीन तिची जिवाची मैत्रीण. ब्रह्मपुरीहून जीपनं खेळाले येते. सातवीपासून दोघी एकाच टीममधी.

मी पाणी पिऊन राह्यलो होतो. पीतच राह्यलो.

२० डिसेंबर

दवाखान्यात नेलं. डॉक्टर नडगी दाबून म्हणे, टणक जमिनीवर खेळूनही असं दुखते. पण घरात सिकल आहे, तपासूनच घेऊ. रक्त घेतलं. रिपोर्टले पंधरा दिवस.

परवाच निवड आहे. डॉक्टरले त्याचं का!

२२ डिसेंबर, रविवार

चंद्रपूरची निवड आज. दिव्यानी सकाळपासून सपरीत, उन्हात, माह्या बाजूले. एकच चादर दोघांच्या पायावर.

दुपारी म्हणे, “दे तुहा फोन. कसं खेळतेत ते सांग.” सारं शिकवलं. टीम कशी घ्याची, कोच नाई म्हणाला त पुढच्या वर्षी परत कसं विचाराचं. बास्केटबॉल घेतलं तिनं. पहिल्याच वर्षी टीममधून हाकललं त खदखदून हसली. मीही हसलो. मायनं मुरमुरे आणून दिले.

संध्याकाळी सरचा फोन. तहसीनची निवड झाली.

तरी लिहून ठेवतो — आजचा दिवस चांगला गेला. लय महिन्यांनी असा गेला.

२७ डिसेंबर, शुक्रवार

तहसीन आली होती. एकटीच. दिव्यानीनं दार लावून घेतलं. ती बाहेरूनच बोलत होती, “अल्ला कसम, मैंने किसी को कुछ नहीं बोला रे. तुझ्याबिगर मले खेळाले मजा येईन का?”

मग माह्याकडं वळली. डोळे सुजले होते. “भैया, तुम तो बोलो इसको.”

मी म्हटलं, “तिचं डोकं ठिकाणावर नाई आता. नंतर ये.”

गेली बिचारी. जीप मिळाली का नाई कोण जाणे.

थू माह्या जिंदगानीवर!

३१ डिसेंबर

दिव्यानी आता बांधीकडं जातच नाई. आपल्याले सिकलच आहे असं धरूनच चालली. मी सांगतो, ती ऐकते — दिवसाचे किती ग्लास पाणी, पायात मोजे कायचे, अंगात ताप भरला त कवा घाबराचं. गोळीचा डबा दाखवला. म्हणे, “माहाही असाच आणशीन? निळ्या झाकणाचा.” आणीन म्हटलं.

गेममधी दोघंही एकाच वयाचे झालो आज. एक फोन आहे म्हणून पाळीपाळीनं. टीम दोघांलेही भेटली.

२ जानेवारी

तिले विचारलं, तहसीनशी बोल ना. “तिचं नाव काढू नको,” म्हणे. “तूच एक आहे माहा.” सांगणारच होतो, तोंडापर्यंत आलं होतं.

नाई सांगतलं.

४ जानेवारी, शनिवार

रिपोर्ट आला. नॉर्मल. काईच नाई तिच्यात, नावालेही नाई. माय रडली, बाबानं गावभर सांगतलं. दिव्यानी अनवाणीच बांधीत पळत सुटली. सारे हसून राह्यले होते म्हणून मीही हसलो.

इथी तरी खरं लिहितो. कागद वाचला तवा मले वाईट वाटलं.